भाचीसाठी 'लोकोरोको' घ्यावा का? चांगलं-वाईट दोन्ही सांगा

आंबेमोहर:

नमस्कार मंडळी. मी स्वतः गेम खेळणाऱ्यांतली नाही, म्हणून इथे विचारतेय.

माझी भाची साडेसात वर्षांची आहे, नाशिकला असते. मे महिन्यात महिनाभर माझ्याकडे राहायला येणार आहे. तिच्या हातात फोन द्यायचा नाही असं बहिणीने बजावून सांगितलंय, आणि मलाही ते पटतं. एक गेम लावला की मधे चार जाहिराती, आणि 'अजून हवं तर पैसे भर' म्हणून मागे लागणं वेगळंच. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे त्याच्या मुलाने वापरलेला जुना पीएसपी, म्हणजे सोनीचं हातात धरून गेम खेळायचं यंत्र, पडून आहे. सोबत एकच डिस्क, 'लोकोरोको'. दोन्हीचे मिळून साडेतीन हजार म्हणतोय. त्याने मला डब्याच्या सुट्टीत पाच मिनिटं चालवून दाखवला. पिवळाधमक गोळा, त्याला इवलेसे डोळे, उतारावरून गडगडत जातो आणि जाताना गातो! मला तर बघताक्षणी आवडला.

पण भाची फार हळवी आहे. मागच्या दिवाळीत कुठल्याशा गेममधलं मांजर खड्ड्यात पडलं, तर ती रात्री जेवली नाही. आणि दुसरं टोक म्हणजे, एखादी गोष्ट तीनदा करून जमली नाही की हातातली वस्तू भिरकावते. हे दोन्ही धरून सांगा. 'गोड आहे, घ्या' एवढंच नको. कुठे कमी पडतो तेही हवंय.

गच्चीवरचा चहा:

मी कॉलेजात असताना खेळलोय. गोड आहे यात वादच नाही. सोपा मात्र फारच आहे. पाच जगं, प्रत्येकात आठ लेव्हल, म्हणजे एकूण ४०. आम्ही मित्रांनी शनिवार-रविवारात उरकला होता. पुढे काहीतरी अवघड येईल म्हणून वाट बघत राहिलो आणि शेवटची नावं वर सरकायला लागली. मोठ्या माणसाला पैसे वसूल वाटणार नाहीत. साडेसात वर्षांच्या मुलीला महिनाभर पुरेल की नाही, शंका आहे.

तगर:

आंबेमोहर ताई, सविस्तर लिहिते, कारण हा गेम आमच्या घरात २००८ पासून आहे. माझा भाऊ बोटीवर होता, त्याने सिंगापूरहून येताना पीएसपी आणि ही डिस्क आणली. तेव्हा मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आज तीच डिस्क माझा नऊ वर्षांचा मुलगा लावतो. आणि माझी आई, वय ६८, तीही खेळते.

आधी हा खेळ चालतो कसा ते सांगते, कारण त्याचं बलस्थान आणि दुखणं दोन्ही तिथेच आहे. यात तुम्ही लोकोरोकोला चालवत नाही. तुम्ही जमीन कलती करता. परातीत गोटी ठेवून परात इकडेतिकडे कलवावी, तसं. पीएसपीच्या वरच्या कडेला डावं-उजवं अशी दोन बटणं असतात. डावं दाबलं की अख्खं जग डावीकडे कलतं, उजवं दाबलं की उजवीकडे. दोन्ही एकदम दाबून सोडली की उडी. समोरचं गोलाची खूण असलेलं बटण, म्हणजे गोल बटण, दाबलं की मोठा गोळा फुटून त्याचे छोटे छोटे लोकोरोको होतात, आणि तेच दाबून धरलं की सगळे परत एक होतात. संपलं. याव्यतिरिक्त शिकायचं काही नाही.

आता हे लिहिताना किती साधं वाटतं! पण माझ्या मुलाने पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा काय केलं सांगू? सगळं यंत्रच डावीकडे वाकडं केलं. जुन्या पीएसपीला हातातला कल कळत नाही, त्यामुळे गोळा जागचा हलला नाही. मी त्याची दोन बोटं धरून वरच्या बटणांवर ठेवली. एकदा दाबलं, पडद्यातली टेकडी कलली, पिवळा गोळा घरंगळायला लागला, आणि मुलगा स्वतः मानेसकट डावीकडे कलला. आई तर आजही उजवं बटण दाबताना खांदा उजवीकडे टाकते. शरीराला आपोआप कळणारा गेम मी दुसरा पाहिलेला नाही. बटणं पाठ करावी लागत नाहीत, म्हणून ६८ वर्षांच्या बाईलाही जमतो.

हा गेम ज्यांनी घडवला ते त्सुतोमु कोनो आधी 'इको' या गेमवर काम करत होते. लोकोरोकोची कल्पना त्यांना आगगाडीच्या प्रवासात सुचली, तिथेच हातातल्या यंत्रावर त्यांनी गोळे रेखाटले. मला ही गोष्ट फार आवडते, कारण गेममध्ये ते दिसतं. बोटाने सहज काढता येईल अशी प्रत्येक आकृती आहे. कडांना काळी रेघ नाही, रंगात रंग मिसळलेले नाहीत. एक सपाट हिरवा, एक सपाट केशरी, त्यावर पिवळा गोळा. पीएसपीचा पडदा जेमतेम सव्वाचार इंचांचा. त्या काळचे मोठे, खऱ्यासारखं दाखवू पाहणारे गेम त्यावर गिचमिड दिसायचे. हा आजही कालच काढल्यासारखा दिसतो. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर तिला टीव्हीवरची अक्षरं त्रास द्यायची, पण लोकोरोको कुठे आहे हे तिला कधी विचारावं लागलं नाही.

आणि गाणी. ही कुठल्याच भाषेतली नाहीत, शब्द बनवलेले आहेत. पिवळ्याचं नाव कुल्चे, गुलाबी प्रिफी, काळा पेकेरोने, शिवाय निळा, लाल, हिरवा. रंग बदलला की आवाज बदलतो. कुल्चे लहान मुलासारखा गातो, पेकेरोनेचा आवाज खालच्या पट्टीतला, भरदार. गोळा एकसंध असतो तेव्हा एकटा गातो आणि फोडला की घोळका गायला लागतो. काही जागी ठरावीक संख्येने लोकोरोको जमवले की ते सगळे मिळून सूर लावतात आणि बक्षीस मिळतं. आमची आई तांदूळ निवडताना ती चाल गुणगुणते, शब्द स्वतःचे घालते. परवा ऐकलं तर त्यात चक्क 'कोथिंबीर, कोथिंबीर' होतं आणि ते चालीत बसलंही होतं. ताई, भाचीला घ्याल तेव्हा आवाज बंद करून खेळू देऊ नका. आवाजाशिवाय हा गेम निम्मासुद्धा उरत नाही.

आता दुखणी. गच्चीवरच्या चहाने लिहिलंय की सोपा आहे. मला वाटतं त्यात दोन खेळ एकात आहेत, आणि अडचण ती आहे. लेव्हलच्या शेवटापर्यंत पोचणं सोपं, अगदी सोपं. पण प्रत्येक लेव्हलमध्ये फळं दडवलेली असतात. एक फळ खाल्लं की गोळा एकाने मोठा होतो, आणि पूर्ण जमवले तर शेवटी २० लोकोरोको मोजले जातात. शिवाय प्रत्येक लेव्हलमध्ये मुईमुई नावाचे तीन छोटे जीव लपलेले असतात. ४० लेव्हलमध्ये सगळे २०-२० आणायचे म्हटलं तर तो वेगळाच, चिकाटीचा खेळ होतो. आम्हाला तीन उन्हाळे लागले. मधलं मात्र काहीच नाही. पहिला खेळ लगेच संपतो, दुसरा एकदम किचकट.

किचकट का, तर उतार एकेरी असतात. घसरत खाली आलात आणि वरच्या कपारीतलं फळ राहिलं, तर बहुतेकदा परत वर जाता येत नाही. २० पैकी १९ झाले आणि एक वर राहिला हे कळलं की लेव्हल पुन्हा सुरुवातीपासून. भाची वस्तू भिरकावते म्हणालात, ती भिरकावेल ती इथे.

दुसरं दुखणं म्हणजे ४० व्या लेव्हललाही तुम्ही तेच करत असता जे पहिल्या लेव्हलला केलं. देखावे बदलतात. बर्फ येतो, त्यावर घसरायला होतं. जंगल येतं. कुठे वारा उचलून नेतो. पण तुमच्या बोटांना नवं काम मिळत नाही. सलग दोन तास खेळलात तर सूर तोच तोच वाटायला लागतो. रोज दोन लेव्हल, दुपारच्या झोपेनंतर, असं ठेवलं तर कधीच वाटत नाही. हा गेम मला उकडीच्या मोदकासारखा वाटतो, ताटात दोनच बरे.

तिसरं लहान आहे पण चिडचिड करतं. अरुंद फटीतून जायला गोळा फोडावा लागतो, आणि २० जण २० दिशांना पांगतात. कोणी खळग्यात बसून राहतो. बोलवायला गोल बटण दाबून धरायचं, थांबायचं, पुन्हा फोडायचं. मोठ्यांना यात गंमत वाटते. घाईच्या मुलाला नाही वाटत.

माझं मत विचाराल तर घ्या. पण पहिला आठवडा तुम्ही तिच्या शेजारी बसा.

पावशेर:

तगर, सुरेख लिहिलंत. पेकेरोनेचा आवाज वाचूनच कानात वाजला.

थोडी भर घालतो. २००६ सालीच या गेमला लंडनमध्ये बाफ्टाचे (चित्रपट, टीव्ही आणि गेमना पुरस्कार देणाऱ्या ब्रिटिश संस्थेचे) दोन पुरस्कार मिळाले, एक सर्वोत्तम पात्राचा आणि दुसरा मुलांसाठीच्या गेमचा. मला पहिला जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण हे पात्र बोलत नाही, त्याला हातपाय नाहीत, आणि तरीही त्याची काळजी वाटते.

'बोटांना नवं काम नाही' ही तक्रार बनवणाऱ्यांच्याही कानावर गेली असावी. २००८ च्या दुसऱ्या भागात लोकोरोको पाण्यात पोहतो, तोंडाने धरून लोंबकळतो, आणि काही ठिकाणी गाण्याच्या तालावर बटण दाबायचं असतं. माझ्या मुलीला दुसराच जास्त आवडतो. मला मात्र पहिल्याचा मोकळेपणा त्यात सापडत नाही. करायला खूप झालं की गडगडण्याचा आनंद मागे पडतो.

कोणाकडे पीएस४ (सोनीचंच, टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) असेल तर दोन्ही भाग २०१७ मध्ये त्यावर नव्याने आले आहेत. मोठ्या टीव्हीवर रंग डोळ्यांत भरतात. पण आंबेमोहर, तुमच्यासाठी जुना पीएसपीच बरा. गादीवर लोळून, पोटावर ठेवून खेळायचा गेम आहे तो.

आंबेमोहर:

सगळ्यांचे मनापासून आभार. तगर, तुमचा प्रतिसाद मी बहिणीला फोनवर वाचून दाखवला. 'कोथिंबीर' ऐकून ती हसली आणि लगेच विचारलं, "त्यात कोणी मरतं का?" सहकाऱ्याने दाखवला तेव्हा मला काळे, केसाळ असे काही उडताना दिसले होते. ते काय करतात? मुख्य काळजी तीच आहे.

तगर:

ते मोजा. अंतराळातून येऊन लोकोरोकोंना पकडणारे. 'मोजा' ऐकून माझा मुलगा आधी पायमोजाच समजला होता आणि अजून त्यांना पायमोजेच म्हणतो.

ताई, खरं सांगते, मोजा लोकोरोकोला गिळतो. रक्त नाही, किंकाळी नाही, पण तुमच्या गोळ्यातला एक कमी होतो आणि गोळा तेवढा लहान दिसतो. काट्यांना लागलं तरी एखादा निसटतो. मुलगा सहा वर्षांचा असताना अगदी हाच प्रसंग झाला. १४ होते, मोजाने एक नेला. त्याने पीएसपी माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "तो कुठे गेला?" मी काही सारवासारव केली नाही. म्हटलं, पायमोज्याने नेला, आता बाकीचे १३ आपल्याकडे आहेत, त्यांना पोचवू या का? थोडा वेळ गप्प बसला. मग पोचवले. दुसऱ्या दिवशी मोजा दिसताच दोन्ही बटणं दाबून उडी मारून त्याला डोक्याने धडक दिली आणि उडवून लावला. पहिल्या काही लेव्हलमध्ये धोका फार नाही, त्यामुळे धडक मारायचा सराव तिथेच करून घ्या. मग भीती राहत नाही.

एक गोष्ट मात्र मला खुपते आणि ती मी लपवणार नाही. मोजांचं रूप. काळा गोल चेहरा, जटांसारखे केस, मोठं तोंड. कृष्णवर्णीय माणसांची टर उडवणाऱ्या जुन्या चित्रांसारखं ते दिसतं, असा आक्षेप २००६ मध्येच घेतला गेला होता. कॉलेजात मला हे कळलं नव्हतं. आता मुलासोबत बघताना कळतं. आपल्याकडे सावळ्या मुलीला घरातच काय काय ऐकावं लागतं ते मी स्वतः ऐकलंय, त्यामुळे 'काळा तो वाईट' असं चित्र मला मुलापुढे बिनबोभाट जाऊ द्यायचं नव्हतं. मी त्याला पेकेरोने निवडून दिला. काळा, सगळ्यांत भरदार गळ्याचा, आणि आपल्या बाजूचा. आता तो बहुतेक वेळा पेकेरोनेच घेतो. चित्रातला दोष त्याने जात नाही, पण बोलायला जागा मिळते. तुम्हीही भाचीशी बोला.

जुनं ते सोनं:

गेमबद्दल वरचे सगळे बोललेत, मी यंत्राबद्दल सांगतो. जुने पीएसपी दुरुस्त करायचा मला नाद आहे. पैसे देण्याआधी एवढं बघाच.

हा गेम सगळा त्या वरच्या दोन बटणांवर चालतो. जुन्या पीएसपीत अंगठ्याखालची चकती सैल झालेली असते, आपोआप एका बाजूला ओढते. यात तिची गरज पडत नाही, त्यावरून किंमत पाडून मागा. पण डावं-उजवं बटण हलकं दाबून, कडेला दाबून, दोन्ही एकदम दाबून बघा. एक जरी अडखळलं तर उडी नीट बसणार नाही आणि मूल स्वतःलाच दोष देईल.

मागचं झाकण काढून बॅटरी सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगली तर फुगली आहे. ती वापरायची नाही, चार्ज करून बघायचीही नाही. मी एकदा बाजारातून स्वस्तातली घेतली होती. चार महिन्यांत इतकी फुगली की झाकण वर आलं.

डिस्क आहे म्हणजे यंत्रात डिस्कचा कप्पा हवा. पीएसपी गो नावाच्या प्रकारात तो नसतो. तुमच्या सहकाऱ्याने चालवून दाखवलाय म्हणजे तो प्रश्न नाही. वाचताना डिस्कचा किंचित घर्रर्र आवाज येतो, त्याला घाबरू नका. आणि भाचीला पॉवरची पट्टी शिकवा. पट्टी वर सरकवून सोडली की यंत्र झोपतं, पुन्हा सरकवली की गोळा होता तिथेच. जेवायला हाक मारली की लेव्हल अर्धी सोडून उठता येतं. घरात निम्मी भांडणं याच एका पट्टीने टळतात.

गच्चीवरचा चहा:

तगर यांचं वाचून कपाटातून काढला. १४ वर्षांनी. मी ४० लेव्हल उरकल्या म्हणालो होतो, पण मोजणी बघितली तर बहुतेक ठिकाणी ११, १२, १३ लोकोरोको. म्हणजे जवळजवळ निम्मे मी मागे सोडून आलो होतो. माझं 'फारच सोपा' मागे घेतो. काल रात्री एका लेव्हलवर दोनदा १९ आले.

आंबेमोहर:

घेतला! उजवं बटण थोडं घट्ट होतं, त्यावरून तीन हजारांत दिला. बॅटरी टेबलावर ठेवून पाहिली, सपाट आहे.

भाची परवा आली. तगर, तुम्ही लिहिलंय तसंच, अगदी तसंच झालं. तिनेही आधी यंत्रच वाकडं केलं. मग बोटं बटणांवर ठेवली. पहिला उतार गडगडला तेव्हा "मावशी, हा गातोय!" म्हणून ओरडली. मग माझा हात धरून मला खाली बसवलं, आणि मी डावं बटण, ती उजवं, असे आम्ही दोघी एका यंत्रावर खेळलो. उडी मारायची तर दोघींनी एकदम सोडायला लागतं, म्हणून ती "एक, दोन, तीन" म्हणते.

एक काट्याला लागून गेला. तिचा ओठ थरथरला. मी 'बाकीच्यांना पोचवू या का' विचारलं. तिने माझ्याकडे न बघता मान हलवली आणि खेळत राहिली. रात्री जेवली. दोन पोळ्या.

पहिल्या लेव्हलला आमचे १७ झालेत. मुईमुई दोन मिळाले. तीन फळं आणि एक मुईमुई कुठे राहिले? जागा सांगू नका, भाची रागावेल. फक्त कसं शोधायचं तेवढं सांगा.

तगर:

दोन पोळ्या वाचून बरं वाटलं.

जागा सांगत नाही. भिंतीला लागलात की लगेच माघार घेऊ नका, तिच्यावर एकदा धडकून बघा. काही भिंती नुसत्या दिसायला भिंती असतात. मोठ्या गोळ्याला जिथे शिरता येत नाही अशी बारीक फट दिसली तर फोडा आणि आत जाऊ द्या. आणि उतारावरून सुटायच्या आधी दोघींनी बोटं उचलून क्षणभर थांबा. लोकोरोको जागेवर डुलत राहील. तेवढ्यात वरच्या कोपऱ्यात बघायला भाचीला सांगा, तुमच्यापेक्षा तिला आधी दिसेल.